सोन्याची किल्ली

डिसेंबर महिना होता. सकाळचे सहा वाजले होते आणि मी नुकतंच चहाचं आधण ठेवलं होतं. तेवढ्यात अमेरिकेहून लेकीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा. नेहमी ती "काय चाललंय आई?" असं विचारते. त्या दिवशी मात्र विचारपूस नाही, काही नाही, एकदम म्हणाली, "आई, तुझ्या नातीनं काय करून ठेवलंय माहीत आहे का?"

माझ्या हातातली चिमट्यातली भांडी खाली राहिली. वीस वर्षांची मुलगी घरापासून दूर, कॉलेजच्या वसतिगृहात राहणारी. आजीच्या मनात काय काय येऊन जातं, ते सांगायला नको.

पण प्रकरण वेगळंच निघालं. नातीच्या कॉलेजात हुशार मुलांचं एक मानाचं मंडळ आहे. त्या मंडळाचं पत्र तिला ऑक्टोबरात आलं होतं. तुमचे गुण पाहून प्राध्यापकांनी तुमची निवड केली आहे, अमुक तारखेच्या आत फॉर्म आणि प्रवेशशुल्क भरा, असं ते पत्र. हिनं ते घरी कळवलंच नाही. तारीख उलटून गेली. मंडळाचा समारंभ झाला, मुलांनी मेणबत्त्या लावल्या, वहीत सह्या केल्या, फोटो निघाले. त्या फोटोत नातीची खोलीतली मैत्रीण होती. नात नव्हती.

"फी किती होती?" मी विचारलं.

"ऐंशी-नव्वद डॉलर. आपण काय भिकेला लागलो होतो का गं? एक फोन केला असता तर मी त्याच मिनिटाला पाठवले असते. इकडे लोक असल्या एका ओळीसाठी जिवाचं रान करतात. नोकरीच्या अर्जात लिहिता येतं ते. विचारलं तर म्हणते, राहून गेलं!"

मी म्हटलं, "येतेच आहे ना ती नाताळच्या सुट्टीत? मी बोलते."

नात येणार होती आणि तिला काशी पाहायची होती. माझ्याही मनात अनेक वर्षं होतं. तेव्हा आम्ही दोघींनीच जायचं ठरवलं.

ती येण्याआधी मी थोडा अभ्यास केला. तीसेक वर्षं शाळेत शिकवलेलं माणूस मी. एखाद्या गोष्टीवर कुणाला रागवायचं असेल, तर आधी ती गोष्ट काय आहे ते समजून घ्यावं, ही जुनी सवय. अमेरिकेतल्या विद्यापीठांत अशी मंडळं कितीतरी आहेत आणि त्यांची नावं बहुधा ग्रीक अक्षरांची असतात. सगळ्यांत जुनं म्हणजे फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. ते वर्ष अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं. सुरुवातीला ते गुप्त मंडळ होतं. सभासदांनी हस्तांदोलन कसं करायचं, याचीसुद्धा खूण ठरलेली होती. पुढे येल आणि हार्वर्डला त्याच्या शाखा निघाल्या. आज अशा शाखा तीनशेच्या घरात आहेत. एखाद्या कॉलेजला शाखा मिळणं हाच त्या कॉलेजचा मान समजला जातो. मग अभियंत्यांचं टाऊ बीटा पाय १८८५ साली निघालं, सगळ्या शाखांमधल्या मुलांसाठी फाय कॅपा फाय १८९७ साली मेन विद्यापीठात निघालं, दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजांतल्या मुलांसाठीही १९१८ साली फाय थीटा कॅपा निघालं.

या सर्वांत जुन्या मंडळाचं चिन्ह आहे एक सोन्याची किल्ली. पूर्वी खिशातल्या घड्याळाला चावी द्यायला अशी किल्ली लागायची, तिचंच हे रूप. तिच्यावर एका कोपऱ्याकडे बोट दाखवणारा हात आणि तीन तारे कोरलेले असतात. त्या मंडळाचं नाव म्हणजे एका ग्रीक वचनाची तीन आद्याक्षरं. त्या वचनाचा अर्थ असा, की ज्ञानाची ओढ हीच आयुष्याचं सुकाणू धरणारी आहे. मूळ ग्रीक शब्द चक्क नावाड्याचा आहे. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. दोनच आठवड्यांनी आम्ही नावेतच बसणार होतो.

काशीला पोहोचलो तेव्हा दाट धुकं होतं. पहाटे नावाड्यानं शाली गुंडाळलेल्या आम्हा दोघींना नावेत बसवलं आणि नाव उत्तरेकडे वळवली. मणिकर्णिका मागे गेला. सिंधिया घाट, भोसले घाट, राम घाट... नावं ऐकता ऐकता नात म्हणाली, "आजी, हे तर सगळं आपल्याकडचंच आहे!"

खरंच आहे ते. गंगेचा हा काठ महाराष्ट्रानं पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला. बालाजी घाटापाशी नाव थांबली. हा घाट पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधला आणि बालाजी हे नाव तिथल्या बालाजीच्या देवळावरून पडलं. त्याच्या पलीकडे पंचगंगा घाट. तिथला दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ओळखला जातो. आणखी पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. या गल्ल्यांतून मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. नावाड्यानं वर बोट दाखवलं आणि सांगितलं, की बिस्मिल्ला खाँसाहेब याच बालाजीच्या देवळात बसून सनईचा रियाज करायचे. नातीला सनई म्हणजे फक्त लग्नातली कॅसेट एवढंच ठाऊक. मी तिला सांगितलं, की हा मुसलमान मुलगा मामांचं बोट धरून काशीला आला, देवळात वाजवून वाजवून मोठा झाला आणि २००१ साली भारतरत्न झाला. त्यांना अमेरिकेत कायमचं बोलावणं आलं होतं, तुमच्यासाठी तिथे बनारस उभं करू असं सांगितलं गेलं, तेव्हा माझी गंगा तिथे कशी आणाल, असं त्यांनी विचारलं, ही गोष्टही काशीत सगळे सांगतात.

"म्हणजे त्यांनीही फॉर्म भरला नाही," नात हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. पण अजून वेळ आली नव्हती. आम्ही नावेतून उतरलो आणि घाटाच्या पायऱ्यांवर ऊन पडण्याची वाट पाहत बसलो.

मानमरातब ही काही अमेरिकेनं काढलेली गोष्ट नाही. काशीत तर तो शेकडो वर्षं चालत आला आहे. पैठणहून इथे आलेल्या भट्ट घराण्यातले नारायण भट्ट सोळाव्या शतकात एवढे मोठे विद्वान झाले, की पंडितांच्या सभेत अग्रपूजेचा मान त्यांच्या घराण्याकडे आला. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली रायगडावर शिवरायांच्या राज्याभिषेकाला गेले. बापूदेव शास्त्री १८४२ पासून इथल्या संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवत होते. त्यांना लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं आपलं सन्माननीय सभासद करून घेतलं. खुद्द पुण्यात पेशवे श्रावण महिन्यात विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा वाटत. इंग्रजांचं राज्य आल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून पुढे दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्यांपैकीच.

आणि आजही ते सगळं संपलेलं नाही. याच काठावर, राम घाटाजवळच्या वेदविद्यालयात २०२५ साली आपल्या अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या एकोणीस वर्षांच्या मुलानं शुक्ल यजुर्वेदाच्या सुमारे दोन हजार मंत्रांचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. सगळ्या देशानं त्याचं कौतुक केलं.

"या सभांमध्ये मुली होत्या का, आजी?" नातीनं विचारलं.

"नव्हत्या," मी म्हटलं. "आणि तुमच्या फाय बीटा कॅपातही नव्हत्या. तिथे पहिल्या मुली आल्या १८७५ साली, व्हरमाँट विद्यापीठात. मंडळ निघाल्याला नव्व्याण्णव वर्षं झाल्यावर! आणि आपल्या रमाबाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं १८७८ साली. तीनच वर्षांचा फरक."

ती हसली. मग मी तिला एक गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी खास तिच्यासाठी जपून आणली होती. खरं सांगायचं तर त्या गोष्टीच्या जोरावर मी तिला चार शब्द सुनावणार होते.

१९०० च्या सुमाराला गोव्यातल्या साखवाळचा एक तरुण घरदार सोडून काशीला आला. त्याला बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा होता आणि त्यासाठी आधी संस्कृत शिकायचं होतं. खिशात पैसा नव्हता. तो इथल्या अन्नछत्रात जेवायचा आणि पंडितांकडे शिकायचा. ते धर्मानंद कोसंबी. पुढे ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे फिरले, पालीचे मोठे पंडित झाले आणि १९१० साली हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना ग्रंथसंपादनासाठी बोलावून नेलं. १९१८ साली ते पुन्हा गेले, तेव्हा मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. हा दामोदर १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि त्याला फाय बीटा कॅपाचं सभासदत्व मिळालं.

"आणि मग?" नात सरसावून बसली.

"मग तो कुठे आला असेल सांग? इथेच, काशीला! काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवायला. आणि जोडीला जर्मनही. बाप जिथे अन्नछत्राच्या पंक्तीत बसला, तिथे मुलगा प्राध्यापक म्हणून आला. तीस वर्षांच्या आत. आता कळलं का तुझ्या आईला एवढं का लागलं ते? एका पिढीनं उपाशी राहून शिकावं आणि पुढच्या पिढीच्या हाती सोन्याची किल्ली यावी, हे प्रत्येक आईबापाचं स्वप्न असतं. तुझे आईबाबा दोन बॅगा घेऊन तिथे गेले होते. तू ते पत्र नुसतं ठेवून दिलंस!"

झालं. सुनावायचं ते सुनावलं. नात बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, मी पत्र ठेवून नव्हतं दिलं. मी फॉर्म भरला. पण माझा नाही."

तिच्या खोलीतली मैत्रीण अमेरिकनच, पण घरची परिस्थिती ओढगस्तीची. वडील नाहीत. आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. मुलगी कॉलेजच्या भोजनगृहात ताटं विसळून शिकते. रसायनशास्त्र नातीला समजत नव्हतं, ते हिनंच रात्री जागून समजावलं. पत्र दोघींनाही एकाच दिवशी आलं. मैत्रिणीनं ते वाचलं, घडी करून पुस्तकात ठेवलं आणि कामाला निघून गेली. काही बोलली नाही. नातीला ग्रंथालयातल्या कामाचे पैसे मिळतात. त्या महिन्यात तिच्याकडे एका फॉर्मपुरतेच शिल्लक होते. त्यातून तिनं मैत्रिणीची फी भरली. तिच्या घराण्यातली ती कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. या मानाचा तिला पुढच्या शिष्यवृत्तीसाठी उपयोग होता.

"अगं, पण मग स्वतःसाठी आईकडे मागायचे ना!"

"मागितले असते तर आईनं दोघींचे पाठवले असते, मला माहीत आहे. पण मग ते आईनं दिलेले झाले असते. मैत्रिणीनं ते घेतलेही नसते. माझ्या कामाच्या पैशाचे म्हणून घेतले, तेही उधार म्हणून. दर महिन्याला दहा डॉलर परत करते. आणि आई हे सगळ्या मराठी मंडळात सांगत बसली असती. मग ती मैत्रीण आमच्या घरी जेवायला आली असती, तर सगळ्यांनी तिच्याकडे कसं पाहिलं असतं?"

मी काय बोलणार? माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तिला वाटलं, आजी रागावली. माझा हात धरून म्हणाली, "चुकलं का गं माझं?"

तेव्हा मी तिला जे सांगितलं, ते आजवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या यजमानांनाही नाही.

मी १९६८ साली मॅट्रिक झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लाकडी सन्मानफलक होता. त्यावर दरवर्षी मॅट्रिकला पहिल्या आलेल्या मुलामुलीचं नाव सोनेरी अक्षरांत लिहीत. त्या वर्षाचं नाव माझं आहे. मी शिक्षिका झाले ती त्या फलकाच्या बळावर, असं मी सगळ्यांना सांगत आले. लेकीला, जावयाला मुद्दाम नेऊन दाखवला तो फलक. माझ्या वर्गातल्या मुलांना दर बक्षीस समारंभात त्याची गोष्ट सांगितली.

पण आठवीपासून माझ्या वर्गात पहिली यायची ती मी नाही. ती माझी मैत्रीण. आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील सुतारकाम करायचे. त्या वर्षी ते माळ्यावरून पडले आणि अंथरुणाला खिळले. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. आदल्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. ओट्यावर बसली. इकडचं तिकडचं बोलली. मागितलं काहीच नाही. माझ्याकडे एका पत्र्याच्या डब्यात तीस रुपये होते. आजीनं पैंजणांसाठी दिले होते. फी त्यात सहज भागली असती. डबा आणायला मी उठलेसुद्धा होते. आणि उंबऱ्यापाशी माझ्या मनात आलं, की ती परीक्षेला बसली नाही, तर पहिली मी येईन.

मी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले. ती पाणी प्यायली आणि घरी गेली.

"ऑक्टोबरला बसेन," असं ती नंतर म्हणत होती. पण उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. ऑक्टोबर आला, गेला. माझं नाव फलकावर लागलं. मी पैंजण केले. पण खरं सांगते, ते मी कधी फारसे घातले नाहीत.

हे सगळं मी बालाजी घाटाच्या पायरीवर बसून, गंगेकडे तोंड करून सांगितलं. नातीच्या तोंडाकडे बघून सांगायचा धीर मला झाला नसता. ऊन वर आलं होतं. शेजारी एक बाई कपडे पिळत होती. नात काही वेळ काहीच बोलली नाही. "तू सोळा वर्षांची होतीस," किंवा "जाऊ दे गं आजी," असलं काही ती म्हणाली नाही, याचं मला बरं वाटलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "त्या आजी आहेत अजून?"

मला माहीत नव्हतं. सत्तावन्न वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती.

निघताना नावाड्यानं पुन्हा तो वाडा दाखवला. हा घाट मधल्या काळात फार खचला होता. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेनं २०१२ साली जगातल्या जपायला हव्यात अशा वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घातलं आणि मग दुरुस्तीला जोर आला. मी मनात म्हटलं, याद्या सगळ्याच काही अहंकारासाठी नसतात. काही यादीत नाव घालतात ते उत्तम आहे म्हणून, आणि काही यादीत घालतात ते पडायला आलंय, सावरा म्हणून. माझं नाव कुठल्या यादीत घालायचं, ते त्या सकाळी मला कळलं होतं.

रात्री धर्मशाळेच्या खोलीत नातीनं मोबाईलवर त्या किल्लीचं चित्र काढून दाखवलं. "आजी, या तीन ताऱ्यांचा अर्थ वाचलास का तू? मैत्री, नीती आणि विद्या." मी तो वाचला नव्हता. एवढी अभ्यास करून गेले होते आणि नेमकं तेच राहून गेलं होतं. पहिलाच शब्द मैत्री!

तुम्ही म्हणाल, मग हे मानसन्मान खोटेच समजायचे का? मुळीच नाही. मी तसं नातीलाही सांगितलं नाही. दामोदर कोसंबींनी तो मान घेतला. घेऊ नये असं त्यात काहीच नव्हतं. पण पुढे ते काय करत होते? पुण्याच्या टेकड्या पायी तुडवून दगडाची हत्यारं गोळा करत होते, जुनी नाणी एकेक करून तराजूत तोलत होते, भर्तृहरीच्या श्लोकांची हस्तलिखितं ताडून पाहत होते. त्यांच्या चरित्रात फाय बीटा कॅपा एखाद्याच ओळीत येतं, कारण बाकीची पानं कामानं भरलेली आहेत. मान घरात आला तर आनंदानं घ्यावा. फक्त तो कुणाच्या रिकाम्या जागेवर उभा आहे का, हे एकदा बघावं.

ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे शिकतात, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवते. तिकडे अशी पत्रं मुलांना बरीच येतात आणि सगळीच सारख्या तोलाची नसतात. मंडळाची शाखा मुलाच्या स्वतःच्या कॉलेजात आहे का, निवड तिथले प्राध्यापक करतात का, आणि गुणांची अट स्पष्ट आहे का, हे आधी पाहावं. या मंडळांचा दर्जा पाहणारी एक संघटनाही तिकडे १९२५ पासून आहे. आणि मुलांनी अडचण असेल तर कॉलेजात विचारावं. काही ठिकाणी गरजू मुलांच्या शुल्काची सोय होते. हे नातीनं नंतर चौकशी केली तेव्हा तिला कळलं.

लेकीला मी फोनवर सगळं सांगितलं. नातीचं सांगितलं आणि माझंही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "आई, तो फलक दाखवताना तू नेहमी घाईघाईनं पुढे जायचीस. मला वाटायचं, तुला लाज वाटते कौतुकाची." लेकी किती बघत असतात, आपल्याला कळत नाही.

जानेवारीत मी गावी फोन केला. मैत्रिणीच्या भावाचं दुकान अजून आहे. त्याच्याकडून नंबर मिळाला. कराडजवळच्या एका खेड्यात ती राहते. मी नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. आवाज तसाच, थोडा बसका झालेला. मी जे पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं एका दमात बोलून टाकलं. डबा, तीस रुपये, पाण्याचा तांब्या.

ती म्हणाली, "मला माहीत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"डब्यात पैसे होते ते. तूच नाही का मला पैंजणांचं दाखवलं होतंस? त्यासाठीच तर आले होते मी."

मला रडू आवरेना. ती थांबली. मग म्हणाली, "लई वर्षं राग होता. खोटं कशाला बोलू? पोरांना शाळेत घालताना दरवेळी यायचा. पण मीही मागितलं नाहीच की. माझी मान वाकली नाही आणि तुझा हात पुढे झाला नाही. दोघी हट्टी."

मी विचारलं, आता मी काय करू? तुझी नातवंडं शिकत असतील, त्यांच्यासाठी काही...

"पैसे नकोत," ती म्हणाली. "त्याची वेळ गेली. नात बारावीला आहे, तिला इंग्रजी जड जातं. तू मास्तरीण ना? उन्हाळ्यात ये. आठ दिवस राहा आणि तिला शिकव."

मी जाणार आहे. नात फोनवर विचारत होती, मी मे महिन्यात आले तर मलाही नेशील का. मी म्हटलं, नेईन. रसायनशास्त्र कच्चं असेल त्या मुलीचं, तर तेही बघता येईल. तुला कुणी शिकवलं होतं, ते तू तिला शिकव.